मुदतीची नोकरी, बेमुदत खर्च

ऑक्टोबर लागला की टपालातून एक पाकीट येतं. आत एकच कागद. वर माझं नाव काताकाना लिपीत, खाली एक तक्ता. वरच्या ओळीत सोमवार ते शुक्रवार, डाव्या बाजूला पहिला तास ते पाचवा तास. पंचवीस चौकोन. ज्या तासाला यायला जमेल तिथे गोल काढायचा, अडचण आहे पण निभावून नेता येईल तिथे त्रिकोण, अजिबात जमणार नाही तिथे फुली. पुढच्या एप्रिलपासून मला किती तास मिळणार आणि मी कशी राहणार, हे या पंचवीस चौकोनांवर ठरतं. मी तीन विद्यापीठांत शिकवते, म्हणून असे तीन कागद. यंदाचे तिन्ही दहा दिवस झाले जेवणाच्या टेबलावर पडून आहेत. सगळं भरून झालंय, गुरुवारचे चौकोन तेवढे रिकामे आहेत.

जपानमध्ये अर्धवेळ प्राध्यापकाचा हिशोब 'कोमा' या एककात होतो. कोमा म्हणजे वेळापत्रकातला एक चौकोन, नव्वद मिनिटांचा एक तास. आठवड्यातून एकदा तो वर्ग घेतला की महिन्याला त्याचे साधारण पंचवीस ते तीस हजार येन मिळतात. माझी सरासरी सत्तावीस हजारांची आहे. तयारी, गृहपाठ तपासणं, परीक्षा, निकाल, विद्यार्थ्यांच्या ईमेलना उत्तरं, हे सगळं त्या सत्तावीस हजारांतच आलं. मी सध्या नऊ कोमा घेते. आधी माझी ओळख 'व्याख्याता, इंग्रजी भाषा' अशी होती. आता एकमेकांना भेटल्यावर आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो असा: यंदा तुमचे किती कोमा?

मी २०१७ च्या एप्रिलमध्ये इथे आले ती एका खाजगी विद्यापीठाच्या पूर्णवेळ जागेवर. पाच वर्षांचा करार होता आणि त्यातच स्पष्ट लिहिलं होतं की मुदत संपल्यावर नूतनीकरण होणार नाही. सही करताना मला पाच वर्षं म्हणजे केवढा तरी काळ वाटला होता. स्वतःची खोली, दारावर नावाची पाटी, संशोधनासाठी वर्षाला ठराविक रक्कम, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये बोनस. वर्षाचे बावन्न लाख येन. घरी सांगताना मलाच तो आकडा खोटा वाटायचा.

कराराच्या मुदतीला जपानी भाषेत 'निंकी' म्हणतात. लोकप्रियतेलाही 'निंकी'च म्हणतात. लिहिताना अक्षरं वेगळी, कानाला मात्र जवळपास एकच शब्द. सुरुवातीला बैठकीत कोणी निंकी म्हणालं की मी गोंधळायचे, हे माझ्या मुदतीबद्दल बोलताहेत की विद्यार्थ्यांनी भरलेल्या मूल्यमापनाबद्दल? नंतर कळलं की पहिलीचा दुसरीशी काही संबंध नाही. माझं मूल्यमापन पाचही वर्षं उत्तम होतं. मुदत ठरल्या दिवशी संपली.

इथला कायदा या बाबतीत वाचण्यासारखा आहे, आणि मी तो फार उशिरा वाचला. एप्रिल २०१३ पासून अशी तरतूद आहे की एकाच मालकाकडे मुदतीच्या करारांवर सलग पाच वर्षांपेक्षा जास्त काळ काम झालं तर कामगाराला बिनमुदतीचा करार मागता येतो. पुढे २०१४ मध्ये विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी आणि अध्यापकांसाठी हा कालावधी दहा वर्षं केला गेला. कायदा आला तो माणसाला स्थैर्य मिळावं म्हणून. पण पाचाला किंवा दहाला रेषा आखली गेल्यावर कित्येक करार त्या रेषेच्या अलीकडेच थांबू लागले. नूतनीकरण न करण्याला इथे 'यातोइदोमे' म्हणतात. वर्तमानपत्रात हा शब्द मी अनेकदा वाचला होता, पण तो आपल्याला लागू होईल असं कधी वाटलं नव्हतं.

२०२२ च्या मार्चचा पगार हातात आला तेव्हा तो नेहमीपेक्षा बराच कमी होता. इथे रहिवासी कर गेल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो आणि जून ते पुढच्या मेपर्यंत दरमहा पगारातून कापला जातो. मार्चमध्ये नोकरी सोडली की उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून एकदम कापून घेतात. तोवर ठीक होतं. खरा फटका जूनमध्ये बसला. एप्रिलपासून माझ्याकडे सातच कोमा होते. उगमातला कर वजा जाऊन महिन्याला एक लाख ऐंशी हजार येन हातात यायचे. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात महापालिकेची दोन जाड पाकिटं आली.

पहिल्यात रहिवासी कराची चार चलनं होती, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारीची. प्रत्येकी चौसष्ट हजार. दुसऱ्यात राष्ट्रीय आरोग्यविम्याचे हप्ते, पहिला चाळीस हजारांचा. दोन्ही रकमा आदल्या वर्षीच्या बावन्न लाखांवर काढलेल्या होत्या. कागदाच्या लेखी मी अजून तीच होते, खोलीवर पाटी असलेली, बोनस घेणारी. राष्ट्रीय पेन्शनचे त्या वर्षी महिन्याला १६,५९० येन होते. पूर्णवेळ नोकरीत पेन्शनचा अर्धा वाटा संस्था भरते. अर्धवेळ झालं की सगळा वाटा आपला. मी त्या रात्री बेरीज केली, एक लाख वीस हजार पाचशे नव्वद. त्यात अठ्ठावन्न हजार भाडं मिळवलं. एक लाख ऐंशी हजारांतून उरले चौदाशे दहा येन. त्यात महिन्याचं खाणं, वीज, फोन आणि रेल्वे बसवायची.

बचत होती म्हणून निभावलं. पण त्या रात्री टेबलापाशी बसून मला जे वाटलं ते अजून विसरता येत नाही. मी कुणाचं काही बुडवलं नव्हतं, उधळपट्टी केली नव्हती, माझं काम वाईट नव्हतं. तरी पोटात खड्डा पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे छोट्या किराणा दुकानात, जाऊन मी पहिलं चलन भरलं. काउंटरवरच्या मुलाने बारकोडवर यंत्र फिरवलं, पावतीवर तारखेचा शिक्का मारला, दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरली आणि वाकून आभार मानले. तो माझा विद्यार्थीच असावा इतका लहान होता.

इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येक परदेशी शिक्षकाला मी आता हे एवढंच सांगते. पहिल्या वर्षी रहिवासी कर येत नाही, म्हणून पगार भरपूर वाटेल. तो भरपूर नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षी दरमहा थोडे पैसे अशा खात्यात टाका की त्याला हात लावता येणार नाही, कारण गेलेल्या वर्षाचं बिल पुढच्या वर्षी येतं. आणि बेकारी विम्यावर भिस्त ठेवू नका. तो लागू व्हायला एकाच मालकाकडे आठवड्याला वीस तास काम लागतं. तीन ठिकाणी तीन-तीन कोमा घेणारा माणूस कुठेच त्या वीस तासांपर्यंत पोचत नाही.

अनेक ठिकाणी एकाच वेळी काम करण्याला 'काकेमोची' म्हणतात. माझा आठवडा असा जातो: सोमवारी आणि बुधवारी साइतामात, मंगळवारी तोक्योत, शुक्रवारी कानागावात. शुक्रवारी पहिल्या तासाला पोचायला सकाळी सहा चौदाची गाडी. तिन्ही ठिकाणी झेरॉक्सचे नियम वेगळे, निकाल भरायच्या प्रणाली वेगळ्या, पासवर्ड वेगळे. पाठीवरच्या पिशवीत तीन रंगांच्या फायली. एकदा तोक्योतल्या वर्गात साइतामाची हजेरी काढली आणि पहिलं नाव पुकारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. तेव्हा वीस मुलांकडे बघताना मला क्षणभर कळेना की मी नक्की कुठे उभी आहे.

अर्धवेळ शिक्षकांना स्वतःची खोली नसते. एक सामाईक खोली असते, तिला 'हिकाएशित्सु' म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ प्रतीक्षागृह. लांब टेबलं, लोखंडी लॉकर, दोन प्रिंटर, गरम पाण्याचं यंत्र. दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत तिथे आम्ही सगळे असतो: फ्रेंच शिकवणारे, चिनी शिकवणारे, तत्त्वज्ञान शिकवणारे जपानी, सगळ्यांच्या हातात कागदांचे गठ्ठे. परदेशी असणं हे तिथे फार वेगळं काही नाही. जपानी अर्धवेळ शिक्षकांचीही हीच ओढाताण आहे. फरक एवढाच की त्यांना व्हिसा सांभाळावा लागत नाही. आम्हाला संस्था सोडली की चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं, आणि सबळ कारण नसताना तीन महिने आपल्या व्हिसाचं काम केलं नाही तर व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे दोन नोकऱ्यांच्या मध्ये श्वास घ्यायलासुद्धा मोजलेलीच जागा असते.

त्या खोलीत खिडकीजवळ एक ज्येष्ठ इंग्रज सहकारी बसतात. तीस वर्षांहून जास्त काळ काकेमोची करताहेत. येत्या मार्चमध्ये सत्तरीमुळे थांबतील. अर्धवेळ असल्यामुळे निवृत्तीची रक्कम नाही. ते आले तेव्हा पेन्शन मिळायला पंचवीस वर्षं भरणा करावा लागे. तेव्हा सगळे त्यांना सांगत, तू परत जाणारच आहेस, कशाला भरतोस? त्यांनी पहिली कित्येक वर्षं भरलंच नाही. पुढे लग्न झालं, मुली झाल्या, परत जाणं झालं नाही. पंचवीस वर्षं काही भरणार नव्हती. मग ऑगस्ट २०१७ पासून ही अट दहा वर्षांवर आली आणि ते पात्र ठरले. रक्कम थोडी आहे, पण येते. हे सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "माझी पात्रता मला बातम्यांत कळली." मी त्याच आठवड्यात जाऊन माझा नोंदणी क्रमांक नीट जुळतोय ना हे तपासून घेतलं होतं.

पेन्शनचं कार्ड दर वर्षी वाढदिवसाच्या महिन्यात येतं. घडी घालून चिकटवलेलं पोस्टकार्ड, कोपरा धरून सोलायचं. आत आजवर भरलेले महिने आणि अंदाजे किती पेन्शन मिळेल तो आकडा. यंदा सप्टेंबरात माझ्या कार्डावर बरोबर शंभर महिने होते. एकशे वीस झाले की दहा वर्षं. वीस महिने बाकी आहेत. त्याआधी देश कायमचा सोडला तर एकरकमी परतावा मागता येतो, पण तो जास्तीत जास्त साठ महिन्यांचाच धरतात, म्हणजे माझे वरचे चाळीस महिने पाण्यात. दादाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तू पैशांसाठी थांबणार?" मला उत्तर सुचलं नाही. मी शिकवण्यासाठी थांबले आहे, हे खरं. वीस महिन्यांसाठी थांबले आहे, हेही खरं.

येनचं वेगळंच. २०२० च्या सुमारास शंभर येनचे सत्तर रुपये व्हायचे. जुलै २०२४ मध्ये डॉलरला जवळपास १६२ येन पडू लागले, १९८६ नंतर एवढा खाली येन आला नव्हता. त्या आठवड्यात शंभर येनचे बावन्न रुपयेच येत होते. आणि नेमकी तेव्हाच आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली. माझ्या वाट्याचे तीन लाख रुपये पाठवायला पावणेसहा लाखांहून जास्त येन लागले. चार वर्षांपूर्वी सव्वाचार लाखांच्या थोड्या वर भागले असते. मधला फरक दीड लाखाचा, म्हणजे एका महिन्याचे साडेपाच कोमा. मी इथे तेवढंच बोलले, तेवढेच फळे पुसले, आणि त्याची किंमत वाटेत कुठेतरी कमी झाली.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती फोनवर म्हणाली, "तुला कमी पडत असेल तर पाठवू नकोस गं. माझं काय, हळूहळू चालते मी." मी म्हटलं, "आई, प्रोफेसर आहे मी." ती यावर गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा तिला सगळं कळलेलं असतं.

तोक्योच्या इकेबुकुरो स्टेशनापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर झोशिगायाची दफनभूमी आहे. मंगळवारी शेवटचा तास रद्द झाला तर मी कधीकधी तिथे जाते. तिथे लाफ्काडिओ हर्न या परदेशी लेखकाची समाधी आहे. ते १८९० मध्ये जपानला आले. मात्सुएच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे महिन्याला शंभर येन, कुमामोतोत दोनशे, आणि १८९६ पासून तोक्यो इम्पीरियल विद्यापीठात चारशे. आपल्यामागे बायकोमुलांना हक्क राहावा म्हणून त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं, कोइझुमी याकुमो हे नाव घेतलं. १९०३ च्या मार्चअखेर त्यांचा करार संपवण्यात आला. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. त्याच वर्षी त्यांना चौथं मूल झालं, आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात ते गेले.

त्यांच्या जागी जे नेमले गेले त्यांत नात्सुमे सोसेकी होते, जपानी कादंबरीतलं सर्वांत मोठं नाव. सोसेकी नुकते लंडनहून परतले होते. सरकारी शिष्यवृत्ती वर्षाला १८०० येन, ती तिथे पुरायची नाही. इथे विद्यापीठात पगार वर्षाला आठशे. म्हणून दुसऱ्या एका ठिकाणीही शिकवायचे, म्हणजे काकेमोचीच. १९०७ मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडून वर्तमानपत्राची नोकरी धरली. ज्या माणसाला पगार कधी पुरेसा वाटला नाही, त्याचं चित्र १९८४ पासून वीस वर्षं हजार येनच्या नोटेवर होतं. तीही समाधी झोशिगायातच आहे. आधी आलेला परदेशी आणि त्याच्या जागी आलेला देशी, दोघेही एकाच दफनभूमीत. मला तिथे गेल्यावर बरं वाटतं. आपल्या चिंतेला सव्वाशे वर्षांचा शेजार आहे असं वाटतं.

रात्री मी काकेइबो लिहिते. काकेइबो म्हणजे घरखर्चाची वही. १९०४ मध्ये, म्हणजे हर्न गेले त्याच वर्षी, हानी मोतोको या पत्रकार बाईंनी ती पहिल्यांदा छापून आणली. तिची पद्धत मला फार पटते: खर्च झाल्यावर लिहायचा नाही, आधी रकाने ठरवायचे आणि मग त्यांत बसायचं. माझ्या वहीत अन्न, भाडं, वीजपाणी, प्रवास, घरी, आणि शेवटचा रकाना 'जून'. दर महिन्याला तिथे पंधरा हजार टाकते. आता जूनची पाकिटं आली की मी घाबरत नाही, पण हात मात्र अजून थोडा थांबतो.

यंदा एका विद्यापीठाने आधीच कळवलंय की पुढच्या वर्षी दोन वर्ग एकत्र होतील, म्हणजे माझा एक कोमा जाईल. मुलंच कमी आहेत. १९९२ मध्ये इथे अठरा वर्षांची वीस लाखांहून जास्त मुलं होती, आता अकरा लाखांच्या आसपास. २०२४ मध्ये दहातल्या जवळपास सहा खाजगी विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या जागा भरल्या नव्हत्या. मी या मुलांवर रागावू शकत नाही. ती जन्मलीच नाहीत. कोमा कमी झाल्याचं पत्र लिहिणाऱ्या कर्मचारीबाईंनी शेवटी हाताने दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या, थंडी वाढते आहे, तब्येत सांभाळा. मी ते पत्र टाकलं नाही.

राहिला गुरुवार. गुरुवारी मला दोन कोमा देऊ करताहेत, तिसरा आणि चौथा तास. चोपन्न हजार येन. जाणारा कोमा भरून निघेल, वर सत्तावीस हजार जास्त. दोन्ही कोमांचे मिळून वर्षाचे साडेसहा लाख जवळपास. आणि गुरुवार हा माझ्याकडे उरलेला एकच दिवस आहे. त्या दिवशी मी एक लेख लिहिते आहे, दोन वर्षं झाली. विषय वर्गातलं मौन. शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर जपानी विद्यार्थी गप्प राहतो तेव्हा त्या गप्प राहण्यात काय काय असतं, हे मी ध्वनिमुद्रणांतून मोजते आहे. कुणी सेकंदभर थांबतो, कुणी अकरा सेकंद, आणि अकरा सेकंद थांबणाऱ्याचं उत्तर बहुधा पूर्ण वाक्यात येतं. हे मला सापडलेलं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. याचे मला पैसे मिळत नाहीत. पण पूर्णवेळ जागेसाठी अर्ज करायचा तर पहिल्या पानावर प्रसिद्ध लेखांची यादी मागतात, आणि माझ्या यादीतली शेवटची तारीख २०२१ ची आहे. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. गुरुवार विकला तर यंदाचं भागेल आणि यादी तशीच राहील. गुरुवार ठेवला तर यादी पुढे सरकेल, कदाचित, आणि यंदाचं भागेल, कदाचित.

आज दुपारी परत एकदा काकेइबो उघडली. पुढच्या वर्षीचं पान काढलं आणि मिळकतीत आठच कोमा धरले. 'घरी' या रकान्याला हात लावला नाही. अन्नातून चार हजार कमी केले. भाडं तेवढंच. मार्चमध्ये दोन वर्षांचा भाडेकरार संपतो, तेव्हा नूतनीकरणाचं एक महिन्याचं जास्तीचं भाडं द्यावं लागेल, ते पेन्सिलने बाजूला लिहिलं. बेरीज केली, मग खालून वर पुन्हा केली.

कागद पुढे ओढला. गुरुवारच्या तिसऱ्या तासाला फुली मारली, चौथ्यालाही मारली, मग वरच्या दोन आणि खालच्या एका चौकोनातही. तिन्ही पाकिटं बंद केली. स्टेशनाजवळच्या टपालपेटीतून शेवटची उचल साडेपाचला होते, आणि तोवर बाहेर पाऊस सुरू झाला होता, म्हणून ती पाकिटं मी तीन रंगांच्या फायलींपैकी एकीत घातली आणि छत्री घेऊन निघाले.